टेन्शन आधी की क्वार्टर आधी?

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझ्या थोरल्या चुलतभावाचं छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक ड्रिल मशीन, कामाला तीन पोरं. संध्याकाळी सातला शटर निम्मं खाली येतं आणि दादाची गाडी घराच्या उलट्या दिशेला वळते. गेल्या उन्हाळ्यात मी त्याला विचारलंच, दादा, आता रोजच लागतीय काय? मला वाटलं चिडेल. चिडला नाही. म्हणाला, "टेन्शन हाय म्हणून घेतोय रं. पार्टीकडं पैसं अडकल्यात, ब्यांकेचा हप्ता थांबत न्हाई. टेन्शन नसतं तर हातबी लावला नसता."

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो, त्यामुळं मेंदूचा विषय निघाला की मला गप्प बसवत नाही. दादाचं म्हणणं निम्मं खरं आहे. दारूनं टेन्शन उतरतं, हे प्रयोगशाळेतही दिसतं. उरलेलं निम्मं असं, की वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याच्या डोक्यातलं बरंचसं टेन्शन दारूनंच तयार केलेलं असतं. आणि ते कुठलं टेन्शन हप्त्याचं, कुठलं बाटलीचं, हे पिणाऱ्याला आतून ओळखता येत नाही.

सुरुवात आपल्या जिल्ह्याच्या मालापासूनच करू. ऊस गाळून साखर काढली की मागं मळी उरते. ती यीस्ट घालून आंबवली, ऊर्ध्वपातन केलं, की इथेनॉल. पेट्रोलमध्ये मिसळतात तेही इथेनॉल आणि देशीच्या बाटलीत असतं तेही. रेणू अगदी किरकोळ. दोन कार्बन, सहा हायड्रोजन, एक ऑक्सिजन, संपलं. तो पाण्यात विरघळतो, चरबीच्या पापुद्र्यातूनही पार होतो. रक्तातल्या ऐऱ्यागैऱ्या रसायनांना मेंदूत शिरू न देणारी एक भिंत असते, तिच्यातून हा बिनदिक्कत आत जातो. निकोटिनला किंवा मॉर्फिनला मेंदूत ठरलेली कुलपं असतात. दारू दिसेल त्या कुलपाशी खटपट करते. तिच्यावर एकच एक रामबाण औषध का सापडत नाही, त्याचं हे मोठं कारण.

त्यातली दोन कुलपं आपल्या कामाची. मेंदूतल्या पेशी एकमेकींना सारखे निरोप धाडत असतात, 'पेटून ऊठ' नाहीतर 'गप्प बस'. गप्प बस म्हणणारं मुख्य रसायन म्हणजे गाबा. पेटून ऊठ म्हणणारं ग्लुटामेट. दारू गाबाचा आवाज वाढवते आणि ग्लुटामेटचा दाबते. पहिल्या पेगला खांदे सैल होतात, तिसऱ्याला जीभ जड होते, आणि त्यापुढं काल काय बोललो ते सकाळी दुसऱ्यांनी सांगावं लागतं. कारण ग्लुटामेटचं जे दार दारू बंद करते, त्याच दारातून नव्या आठवणी आत जातात.

टेन्शन उतरण्याचा भाग घडतो तो अमिग्डालात. कानशिलाच्या आत, खोलवर, दोन्ही बाजूंना बदामाएवढा एकेक पुंजका. धोका हुंगणं हे त्याचं काम. २००८ साली अमेरिकेत काही निरोगी माणसांना शिरेतून, म्हणजे चक्क सलाईनसारखी, दारू दिली आणि मेंदूचं स्कॅनिंग चालू ठेवून त्यांना घाबरलेले चेहरे दाखवले. (असला प्रयोग इथं जाहीर झाला तर नाव नोंदवायला बिंदू चौकापर्यंत रांग लागेल.) शुद्धीत असताना त्यांचा अमिग्डाला घाबरलेला चेहरा आणि साधा चेहरा यांत स्पष्ट फरक करत होता. दारू चढल्यावर तो फरक पुसला गेला. धोका तिथंच होता, राखणदार पेंगला होता. बँकेच्या हप्त्याचंही असंच होतं.

मेंदू मात्र पेंगलेल्या राखणदारावर खूश नसतो. रोज संध्याकाळी कुणीतरी येऊन आपल्याला एका बाजूला रेटतंय हे त्याच्या लक्षात येतं, आणि तो उलटा रेटू लागतो. गाबाचं ऐकणारे कान मंद करतो, ग्लुटामेटचे तल्लख करतो. खासबागेत कुस्ती बघितलेल्याला पुढचं समजावून सांगावं लागत नाही. समोरचा पूर्ण ताकदीनं रेटतोय, आपणही तेवढ्याच ताकदीनं रेटतोय, दोघंही जागच्या जागी उभे. बघणाऱ्याला वाटतं काहीच चाललेलं नाही. आधी नव्वदीत चढायची, आता क्वार्टरमध्येही 'काय होत न्हाई', असं पिणारा अभिमानानं सांगतो, ती हीच अवस्था. आणि मग समोरचा पैलवान एकाएकी बाजूला झाला तर? आपल्याच जोरानं आपण तोंडावर.

रोज भरपूर पिणाऱ्यानं अचानक थांबवलं की हेच होतं. सहा-आठ तासांत हात थरथरू लागतात, घाम सुटतो, छाती धडधडते, मळमळतं. पहिल्या दोन दिवसांत काहींना फिट येते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काही जणांना भ्रम होतो. आमच्या गल्लीतल्या एका काकांचा पाय मोडला, ऑपरेशनसाठी दवाखान्यात ठेवलं. तिसऱ्या रात्री ते अंगावरच्या मुंग्या झटकू लागले, चादर ओढू लागले, कोपऱ्यात कुणीतरी उभं आहे म्हणू लागले. घरच्यांना वाटलं, बाहेरचं लागलं. मुंग्या नव्हत्या, कोपऱ्यात कुणी नव्हतं. तीन दिवस दारू नव्हती, एवढंच, आणि दाखल करताना लाजेपोटी ती गोष्ट कुणी डॉक्टरांना सांगितली नव्हती. डॉक्टरी भाषेत याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. उपचार मिळाले नाहीत तर माणूस यात दगावू शकतो. हेरॉईन सोडतानाचे हाल भयंकर असले तरी त्यांनी सहसा जीव जात नाही, दारू सोडताना जाऊ शकतो, हे लोकांना खरंच वाटत नाही.

म्हणून मला त्या शपथांची भीती वाटते. अंबाबाईची शपथ घातली, जोतिबाचा गुलाल कपाळाला लावला, माळ घातली, आणि रोज हाफ पिणाऱ्या माणसाची एका रात्रीत बंद केली. श्रद्धेबद्दल माझी तक्रार नाही. माळेनं वर्षानुवर्षं दारूपासून लांब राहिलेली माणसं मी स्वतः बघितली आहेत. पण पहिला आठवडा डॉक्टरांच्या नजरेखाली काढावा. गाबाचं काम तात्पुरतं करणाऱ्या गोळ्या देऊन त्या हळूहळू कमी करतात, म्हणजे पैलवान एकदम बाजूला न होता पाऊल-पाऊल मागं सरतो. सोबत जीवनसत्त्व ब-१ चं इंजेक्शन लागतं. रोज पिणाऱ्याचं जेवण आधीच तुटलेलं असतं, आणि ब-१ च्या कमतरतेत आधी नुसतं ग्लुकोजचं सलाईन चढवलं तर मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका असतो.

सकाळी थरथरणारा हात पुन्हा एका घोटानं शांत होतो. त्या घोटाला आपल्याकडं 'उतारा' म्हणतात. विषावरच्या औषधाचा शब्द विषालाच लावायचा, हे धाडस भाषेनं कधी केलं कुणास ठाऊक. शास्त्राच्या दृष्टीनं मात्र शब्द चोख आहे, कारण उतारा खरंच काम करतो. पंचाईत तीच आहे.

आता मजेची बाजू. १९५४ साली कॅनडात माँट्रियलला जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर या दोघांनी उंदराच्या मेंदूत बारीक तार बसवली. दांडी दाबली की त्या जागी विजेचा हलका झटका. तार ठराविक भागात असली की उंदीर तासन्‌तास दांडीच दाबत बसे. मेंदूत बक्षिसाची अशी एक वाट आहे हे तेव्हा कळलं, आणि पुढं त्या वाटेवरचा मुख्य निरोप्या डोपामिन असल्याचं दिसलं. वर्तमानपत्रांनी त्याला 'आनंदाचं रसायन' करून टाकलं. मला हे नाव अजिबात पटत नाही. १९९० च्या दशकात वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांना फळांचा रस देऊन जे बघितलं, त्यानं गोष्ट वेगळीच ठरली. सुरुवातीला रस मिळाला की डोपामिनच्या पेशी उसळत. रसाच्या आधी एक खूण दाखवायला लागल्यावर काही दिवसांनी त्या खुणेलाच उसळू लागल्या, रसाला नाही. खूण दाखवून रस दिलाच नाही, तर नेहमीपेक्षाही खाली गेल्या. डोपामिन 'मजा आली' असं म्हणत नाही. ते म्हणतं, 'आता मिळणार, चल ऊठ.'

दादाच्या बाबतीत ती खूण म्हणजे अर्धं उतरलेलं शटर. सात वाजणं. वळणावरच्या दुकानाची ट्यूबलाईट. गाडी तिकडं वळते तेव्हा बाटली अजून दुकानात असते, पण मेंदूतलं निम्मं काम झालेलं असतं. आणि हे वर्षानुवर्षं चाललं की कारभार मेंदूच्या आणखी एका भागाकडं जातो, जिथं सवयी राहतात. तालमीत हजार वेळा घोटलेला डाव पैलवान विचार करून मारत नाही, हात आपोआप जातो. तसंच हे. 'आज जायचं नाही' असं ठरवलेला माणूस दुकानासमोर उभा राहून 'मी इथं कसा आलो' म्हणतो, तेव्हा तो नेहमी खोटंच बोलत असतो असं नाही.

इथवरची गोष्ट शास्त्राला बऱ्यापैकी जुनी. पण ती एक कोडं सोडवत नव्हती. जुन्या दारुड्याला विचारा, मजा येते का? बहुतेक जण नाही म्हणतील. मग पितो कशाला? याचं उत्तर शोधताना लक्ष बक्षिसाच्या वाटेवरून ताणाच्या यंत्रणेकडं वळलं.

ताण आला की मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमधून एक रसायन सुटतं, सीआरएफ. त्याचा निरोप पिट्युटरी ग्रंथीला, तिचा निरोप मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथीला, आणि तिथून रक्तात कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक. वायली वेल या अमेरिकी शास्त्रज्ञानं १९८१ साली सीआरएफ वेगळं काढून ओळखलं, तेही मेंढ्यांच्या मेंदूतून. त्यासाठी लाखो मेंढ्यांचा माल लागला. आपल्याकडं तोच अवयव भेजा फ्राय म्हणून ताटात येतो, असो. पुढं लक्षात आलं की सीआरएफची दुसरी एक शाखा अमिग्डालातच आहे, आणि तिला पिट्युटरीशी काही देणंघेणं नाही. तिचं काम अस्वस्थ करणं. १९९५ च्या सुमारास उंदरांना बरेच दिवस दारूवर ठेवून मग ती काढून घेतली, तेव्हा अमिग्डालातलं सीआरएफ तासागणिक चढत गेलेलं मोजता आलं. जॉर्ज कूब हे या विषयातलं मोठं नाव. ते याला व्यसनाची काळी बाजू म्हणतात. त्यांचा मुद्दा असा, की मेंदू दारूच्या सुखाला उत्तर म्हणून एक दुःख तयार ठेवतो, आणि सुख विरत जातं तसं ते दुःख मुक्कामाला येतं. सोबत डायनॉर्फिन नावाचं रसायनही वाढतं, जे सुखाच्या वाटेवर पाणी ओततं. म्हणून जुन्या पिणाऱ्याला मिसळीची चव लागत नाही, पेठेतल्या टीमनं फुटबॉलची मॅच जिंकली तरी अंगावर काटा येत नाही. उदास म्हणावं असं कारण नसतं, आणि बरं वाटावं असंही काही नसतं.

दादाला हे सांगताना मी नदीची गोष्ट सांगितली. पावसाळ्यात आपण सगळेच मोबाईलवर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत असतो. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. नदी पंधरा-वीस फुटांवर असेल तर चार दिवस पाऊस कोसळला तरी कुणी सामान वरच्या मजल्यावर हलवत नाही. पण नदी आधीच ३८ वर उभी असेल तर? रात्रीत पडलेल्या एका सरीनं शिंगणापूर रोडवरचे लोक जागे राहतात. दारू न पिणाऱ्याच्या डोक्यातलं ताणाचं पाणी साधारण खालच्या पातळीवर असतं. बँकेचा फोन आला, चढलं, संध्याकाळपर्यंत उतरलं. रोज पिणाऱ्याचं पाणी कायम ३८ वर. घोट घेतला की तीन-चार तास ते ३० वर येतं, आणि दारू उतरली की ३८ वर न थांबता ३९ वर जातं. पहाटे तीनला दचकून जाग येते ती त्याच वेळी. झोपेसाठी म्हणून घेतलेल्या दारूनं डोळा लवकर लागतो, पण रात्रीचा दुसरा भाग ती कुरतडून ठेवते. मग सकाळी पोरानं एक ड्रिल बिट मोडलं, तर दादा त्याच्यावर धोक्याच्या पातळीवरून ओरडतो. बँकेचा हप्ता तेवढाच आहे. नदी वर आली आहे.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आरं पण आमच्या बाचं काय? म्हातारा ऐंशी वर्सं जगला, रोज घ्यायचा, कधी काय झालं न्हाई."

प्रश्न रास्त आहे. पिणारे सगळे अडकत नाहीत. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सनं केलेल्या पाहणीत १० ते ७५ वयोगटातले १४.६ टक्के लोक, म्हणजे सुमारे १६ कोटी, दारू पिणारे निघाले. दारूवर पूर्ण अवलंबून असलेले २.७ टक्के, सुमारे २.९ कोटी. हा फरक कशानं पडतो? जुळ्यांच्या अभ्यासांवरून साधारण निम्मा वाटा आनुवंशिकतेचा दिसतो, तोही एका जनुकाचा नाही, अनेकांचा थोडा थोडा. २०१८ साली स्वीडनमधल्या मार्कुस हायलिग यांच्या गटानं दारूची चटक लागलेल्या उंदरांना दुसरा पर्याय दिला, गोड पाणी. बहुतेकांनी गोड पाणी निवडलं. पण १५ टक्क्यांच्या आसपास उंदीर दारूलाच चिकटून राहिले, दांडी दाबताना पायाला झटका बसत असतानासुद्धा. या हट्टी उंदरांच्या अमिग्डालात गाबा वेळच्या वेळी उचलून नेणारं एक प्रथिन कमी होतं. दारूच्या व्यसनात गेलेल्या माणसांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले, तर त्यांतही त्याच जागी तेच कमी. थोरल्या काकांचा अमिग्डाला वेगळा असेल. की त्यांच्याबद्दल आपण फक्त बरं तेवढंच आठवतो? काकूंना विचारायचं कुणाला सुचलं नाही.

ताणाचं हे गणित कळल्यावर कूब आणि इतरांना वाटलं, सीआरएफचं कुलूपच बंद करणारी गोळी बनवली की झालं. उंदरांत ती छान चालली. माणसांवरच्या चाचण्यांचे निकाल २०१५-१६ च्या सुमारास आले, आणि दारूची ओढ काही कमी झाली नाही. या विषयावर बोलणारे बरेच जण हा भाग गाळतात. उंदराला हप्ता नसतो, हे त्याचं पूर्ण स्पष्टीकरण नाही, पण मला ते राहून राहून आठवतं.

आज मिळणारी औषधं साधी आणि जुनी आहेत. नाल्ट्रेक्सोन दारूमुळं सुटणाऱ्या एंडॉर्फिनची (मेंदूनं स्वतःच बनवलेल्या सुखद रसायनाची) कुलपं अडवतं, म्हणजे प्यायलं तरी पूर्वीसारखं 'लागत' नाही. अकॅम्प्रोसेट खवळलेल्या ग्लुटामेटला आवर घालतं असं मानतात. दोन्ही कुणाला उपयोगी पडतात, कुणाला नाही. तिसरं डायसल्फिराम, हे मेंदूतल्या ओढीला हात लावत नाही. रबर उद्योगातल्या रसायनाशी संबंध येणाऱ्या कामगारांना दारू प्यायल्यावर चेहरा लाल होऊन मळमळतं, अशा निरीक्षणांतून त्याचा माग लागला. ते चालू असताना दारू घेतली तर यकृतातलं दारू मोडण्याचं काम अर्ध्यात अडकतं, ॲसिटाल्डिहाइड हे विषारी रसायन साठतं आणि माणूस कासावीस होतो, रक्तदाब कोसळू शकतो. त्यामुळं 'नवऱ्याला न कळता चहातून द्या' असल्या जाहिराती बघून कुणी पुड्या मागवत असेल तर थांबवा. आत नेमकं काय आहे याचा पत्ता नसतो, आणि डायसल्फिराम असेल तर न सांगता देणं जिवावर बेतू शकतं.

सोडल्यानंतर माणूस पुन्हा का घसरतो, हेही उंदरांनीच दाखवलं. पुन्हा माँट्रियल, १९९५. याविन शाहाम आणि जेन स्टुअर्ट यांनी हेरॉईन सुटलेल्या उंदरांना पायाला हलके विजेचे झटके दिले, नुसता ताण. उंदीर परत दांडीकडं वळले. पुढं दारूच्या उंदरांतही तसंच दिसलं. घसरण्याच्या वाटा तीन: एक घोट, ओळखीची खूण आणि ताण. पहिल्या दोन टाळता येतात. गटारीला मित्रांचा फोन उचलायचा नाही, सातची गाडी दुसऱ्या रस्त्यानं न्यायची. तिसरी टाळता येत नाही, म्हणून तिथं माणसं लागतात. १९८६ पासून चाललेलं पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र असो की अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या संध्याकाळच्या सभा, तिथं पातळी चढली की फोन कुणाला लावायचा हे आधी ठरलेलं असतं. सरकारी फोनही आहेत. व्यसनमुक्तीसाठी १४४४६, मानसिक त्रासासाठी टेलिमानस १४४१६. त्याच एम्सच्या पाहणीत दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागं एकालाच कसलीतरी मदत मिळाल्याचं दिसलं होतं.

पातळी किती दिवसांत उतरते, हा दादाचा शेवटचा प्रश्न. थरथर आठवड्यात जाते. आक्रसलेला मेंदूचा भाग काही आठवड्यांत भरून यायला लागतो, स्कॅनमध्ये तसं दिसतं. झोप आणि चिडचिड मात्र महिनोन्‌महिने घेतात. पूर ओसरून नदी पात्रात गेली तरी उसात पाणी तुंबून राहतं, तसं.

दादा पावसाळ्याच्या तोंडाला दवाखान्यात गेला, आठ दिवस राहिला. याला चार महिने होऊन गेले. परवा वर्कशॉपवर गेलो तर गंगावेशीतून आणलेलं दूध मला देत म्हणाला, "झोप लागतीय आता. हप्ता हाय तेवढाच हाय." मग घड्याळाकडं बघितलं. पावणेसात झाले होते. "पर साताला अजून हात शिवशिवतोय बघ," म्हणाला, आणि पोराला शटर आज साडेसहालाच का पाडलं नाही म्हणून विचारू लागला.